गाईडचा परवाना आणि आपला इतिहास

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेणी पाहायला सुट्टीच्या दिवशी माणसांची रीघ लागते. त्या गर्दीत कोणीतरी आपल्या लेकरांना हमखास सांगत असतो, "ही पांडवांनी एका रात्रीत खोदली." मुले माना डोलावतात आणि तेच डोक्यात घेऊन घरी जातात. आम्हाला राग येतो. पण नुसत्या रागाने काय होणार? खरा इतिहास सांगणारा जाणकार माणूस तिथे उभा हवा. तो आपल्या वस्त्यांतून का निघू नये?

आज आमच्या चाळींतून आणि झोपडपट्ट्यांतून दहावी-बारावी होऊन, पदवी घेऊन बसलेली मुले-मुली पुष्कळ आहेत. कोणी कुरिअरची थैली खांद्यावर घेतो, कोणी मॉलच्या दारात सुरक्षारक्षक म्हणून बारा बारा तास उभा राहतो. कष्टात कमीपणा नाही. पण पर्यटकांना शहर दाखवणारा परवानाधारक गाईड हाही एक व्यवसाय आहे, ही गोष्ट आपल्या घरांत फारशी बोलली जात नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

परवाना का लागतो?

पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकात पैसे घेऊन लोकांना फिरवायचे असेल तर खात्याच्या अधिकाऱ्याचा परवाना लागतो. १९५९ च्या नियमांतच तसे लिहिलेले आहे. म्हणजे कान्हेरी असो की घारापुरी, परवान्याशिवाय तिथे गाईडचा धंदा करता येत नाही. त्याशिवाय केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाने इंटरनेटवरून अभ्यास करून परीक्षा देण्याचा मार्गही खुला केला आहे. नोकरी सांभाळून किंवा घरकाम आटोपून मोबाईलवर अभ्यास करता येतो. आमच्या भगिनींना हे विशेष सोयीचे आहे.

शिक्षणाची अट, वय, फी आणि तारखा वेळोवेळी बदलतात. तेव्हा मंत्रालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरील ताजे नियम स्वतः वाचूनच अर्ज भरावा. "पैसे द्या, परीक्षेशिवाय सर्टिफिकेट देतो" असे सांगणारे दलाल नाक्यानाक्यावर भेटतात. त्यांच्या हाती घामाचा एक रुपयाही देऊ नका.

अभ्यास कसा करावा?

एक दोनशे पानी वही घ्या आणि तिचे चार भाग करा. पहिला भाग शहराच्या इतिहासाचा. सात बेटांची मुंबई, १६६८ साली ती ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली, १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली, १८९६ साली प्लेग आला, त्यानंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. याच ट्रस्टने बांधलेल्या चाळी म्हणजे बीआयटी चाळी आणि परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेब राहत होते. सन आणि कारण यांची अशी साखळी जोडली की पाठांतराचे ओझे वाटत नाही.

दुसरा भाग इमारतींचा. मुंबईत जागतिक वारसा यादीतील तीन स्थळे आहेत. घारापुरीची लेणी (१९८७), छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (२००४) आणि फोर्ट-मरीन ड्राइव्ह भागातील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींचा समूह (२०१८). प्रत्येकाचे साल, शैली आणि वास्तुकार लिहून काढा. टर्मिनसचा स्टीव्हन्स आणि गेटवे ऑफ इंडियाचा विटेट यांची गल्लत होता कामा नये.

तिसरा भाग वाटा आणि वेळांचा. कुठे लोकल, कुठे बस, कुठे लाँच, कोणते ठिकाण कधी बंद असते. घारापुरी आणि राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतात. हे ठाऊक नसलेला गाईड पाहुण्यांना बंद दारापर्यंत नेऊन परत आणील.

चौथा भाग कायदा, प्रथमोपचार आणि वागणुकीचा. लेण्यांच्या भिंतींना हात लावू देऊ नये, म्हाताऱ्या माणसांच्या चालीने चालावे, कमिशनसाठी पाहुण्यांना दुकानात ओढून नेऊ नये. हे परीक्षेपुरते नाही, धंद्यातली अब्रू यावरच टिकते.

वाचलेले ठिकाण रविवारी पायी फिरून पाहा आणि तिथेच उभे राहून मोठ्याने सांगा. आपल्या विहारात दर रविवारी तासभर असा अभ्यासवर्ग चालवता येईल. एकाने गाईड व्हावे, बाकीच्यांनी पर्यटक होऊन प्रश्न विचारावेत. इंग्रजीची भीतीही अशीच मोडते. रोज पाच वाक्ये आरशासमोर बोला. सोपे इंग्रजी पाहुण्याला कळते, अडखळत बोललेले अवघड इंग्रजी कळत नाही.

अभिमान हवा, पण पुराव्यासह

आता एक कटू गोष्ट. आपल्यातले काही उत्साही कार्यकर्ते प्रत्येक लेणे बौद्धच आहे असे ठोकून देतात. परीक्षेत हे उत्तर चुकेल आणि पाहुण्यांसमोर आपले हसे होईल. घारापुरीचे मुख्य लेणे शैव आहे, तिथली त्रिमुखी मूर्ती शिवाची आहे, हे मोकळेपणाने सांगावे. मात्र त्याच बेटावर प्राचीन स्तूपाचे अवशेष आहेत, हेही सांगायला विसरू नये. खोट्याला उत्तर दुसऱ्या खोट्याने द्यायचे नसते.

आणि आपल्याला खोट्याची गरजच काय? कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत आणि तिथले शिलालेख स्वतःच बोलतात. दान देणाऱ्यांत कल्याण आणि सोपाऱ्याचे लोक आहेत. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दिली, म्हणजे खडकात खोदलेले टाके. तिथल्याच एका लोहाराने वाट करून दिली. कष्टकऱ्यांच्या दानातून उभा राहिलेला हा संघ होता. नालासोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन करून उजेडात आणला. पांडवांच्या गोष्टीपेक्षा ही हकीकत कमी रंजक आहे काय?

शहरातही तेच. मणिभवन पाहायला देशोदेशींचे लोक येतात. १४ ऑगस्ट १९३१ रोजी बाबासाहेब आणि गांधीजी यांची पहिली भेट याच घरात झाली, हे किती पाहुण्यांना सांगितले जाते? गिरणगावातून जाताना १९८२ च्या संपाविषयी सांगतात. पण विणकाम खात्यात धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगारांना तिथली जादा पगाराची कामे मिळत नसत, हे सांगायला त्याची झळ ठाऊक असलेला माणूस लागतो. राजगृह, सिद्धार्थ महाविद्यालय, परळची चाळ, चैत्यभूमी ही ठिकाणे शहर दाखवण्याच्या वाटेवर आली पाहिजेत. ती आपण आणली तरच येतील.

घरच्यांसाठी दोन शब्द

या धंद्यात महिन्याचा बांधलेला पगार नसतो. ऑक्टोबर ते मार्च काम बरे, पावसाळ्यात हात आखडता. म्हणून पहिली दोन वर्षे दुसरे काम धरून हे करावे. आई-वडिलांनी "लोकांना फिरवणे हे काय काम झाले" असे म्हणून मुलामुलींचे पाय ओढू नयेत. अभ्यासाला संध्याकाळचा एक तास शांतता दिली, टीव्हीचा आवाज कमी केला, तरी मोठी मदत होईल.

पिढ्यान्‌पिढ्या आपल्याविषयी दुसऱ्यांनी बोलायचे आणि आपण ऐकायचे, असे चालत आले. ते बाबासाहेबांनी मोडले ते अभ्यासाच्या बळावर. परवाना हा कागद आहे, पण तो गळ्यात असलेल्या मुलीला लेण्याच्या दारात कोणी गप्प बसवू शकत नाही. शाखांनी आणि महिला मंडळांनी येत्या वर्षावासात असे अभ्यासवर्ग सुरू करावेत, ही आमची कळकळीची विनंती.

जयभीम!