कोणते काम तडीस न्यावे?



विज्ञान-प्रदर्शन जवळ आले, की तुमच्या डोक्यात कल्पनांची गर्दी होते. कोणाला दुर्बीण करावीशी वाटते, कोणाला पवनचक्की, कोणाला विजेची मोटर. सगळेच थोडे थोडे सुरू होते आणि पुष्कळसे अर्धवट राहते. यांतले कोणते धरावे आणि कोणते सोडावे?

सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी ज्यांनी वसवली, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण पाहा. त्यांचा जन्म १८६९ सालचा. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. दोन वर्षांनी कळले, की काही रंगांतला फरक त्यांना नीट ओळखता येत नाही. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यांत जन्मजात दोष असला, तर तो सरावाने जात नाही. लक्ष्मणरावांनी रंगकाम सोडले. रेखाटन मात्र सोडले नाही. यंत्रांची रेखाचित्रे काढण्यात त्यांनी हात बसवला आणि पुढे तोच विषय मुंबईत शिकवला.

नंतर बेळगावात त्यांनी सायकली विकल्या, कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर केला. लाकडी नांगर माती उकरतो. लोखंडी नांगराचे वळणदार पाते ती उलटी करते, त्यामुळे तण गाडले जाते. पण लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्या वेळी समजूत होती. पहिला नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली! तरी त्यांनी ते काम सोडले नाही. १९१० साली औंध संस्थानातील कुंडलजवळच्या ओसाड माळावर त्यांनी कारखाना हलवला.

आता विचार करा. अडचण दोन्ही वेळा होती. मग एक काम सोडले आणि दुसरे धरले, असे का? पहिली अडचण डोळ्याच्या रचनेत होती. दुसरी लोकांच्या समजुतीत होती, आणि समजूत नांगरलेले शेत दाखवून बदलता येते.

तुम्हीही हीच कसोटी लावा. कामातला सर्वांत अवघड भाग कोणता ते शोधा आणि आधी तोच करून पाहा. मोटरीचेच घ्या. फळी रंगवणे सोपे आहे. अवघड आहे तो वेटोळ्यातील प्रवाह योग्य क्षणी तोडणे. त्यासाठी रोगण दिलेल्या तांब्याच्या तारेचे एक टोक पूर्ण खरवडा आणि दुसरे फक्त अर्ध्या बाजूने. वेटोळे चुंबकासमोर ठेवून घाटाला जोडा व हलकेच ढकला. फिरले, तर उरलेले काम नक्की पुरे करा. न फिरले, तर कारण वहीत लिहा. तोल, चुंबक, खरवडणे यांत सुधारणा होण्याजोगी असेल, तर चिकाटी धरा. लागणारे साहित्य वा अवजार मिळणारच नसेल, तर ते काम खुशाल बाजूला ठेवा. मात्र केवळ कंटाळा आला, हे कारण वहीत लिहू नका.