ऐकीव माहितीवरचा कारभार

संगणकातल्या डिस्कवरची फाइल असो की नेटवर्कच्या पलीकडच्या सर्व्हरवरची, आपण ती उघडतो एकाच पद्धतीने. फरक पडतो तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला. आपल्या डिस्कवरच्या फाइलची लांबी किती, मालक कोण, शेवटचा बदल कधी झाला, हे कर्नल छातीठोकपणे सांगतो, कारण तो बदल त्याच्याच हातून झालेला असतो. सर्व्हरवरच्या फाइलबद्दल त्याला एवढंच म्हणता येतं, की मी विचारलं तेव्हा असं होतं. त्यानंतर दुसऱ्या कुणी त्यातल्या चार ओळी खोडल्या असतील, नाव बदललं असेल, फाइल उडवूनही टाकली असेल. ते कळवायला कुणी येत नाही.

अशा ऐकीव माहितीवर किती वेळ विसंबावं आणि ती खोटी निघाली तर काय करावं, या प्रश्नाशी नेटवर्क फाइल सिस्टिमचा, म्हणजे एनएफएसचा क्लायंट चाळीस वर्षं झगडतो आहे. ही झटापट बघायची तर नुसती प्रोटोकॉलची कागदपत्रं वाचून भागत नाही. कर्नलमधली डेटा स्ट्रक्चर्स उघडावी लागतात. कोणत्या नोंदीत कोणता रकाना आहे आणि तो कशापायी आला, हे पाहिलं की कळतं, इथला जवळजवळ प्रत्येक रकाना कुठल्या ना कुठल्या शंकेपोटी जन्मलेला आहे.

सुरुवात सन मायक्रोसिस्टिम्समध्ये झाली. कंपनी 1982 सालची. तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला जन्माने पुण्याचे, पण आपलं नातं तेवढ्यावरच संपतं. डिस्क महाग होत्या, म्हणून डिस्क नसलेली वर्कस्टेशन्स टेबलावर ठेवायची आणि फाइली एका सर्व्हरवर, असा हिशेब होता. रसेल सँडबर्ग, डेव्हिड गोल्डबर्ग, स्टीव्ह क्लायमन, डॅन वॉल्श आणि बॉब लायन यांनी 1985 च्या उन्हाळ्यात पोर्टलंडच्या युझनिक्स परिषदेत ही रचना मांडली. पहिली आवृत्ती सनच्या भिंतींबाहेर आलीच नाही. जगाने वापरली ती दुसरी. तिचं अधिकृत टिपण, आरएफसी 1094, 1989 मध्ये निघालं.

या कामाची सगळ्यात टिकाऊ कमाई, माझ्या मते, प्रोटोकॉल ही नव्हेच. ती आहे व्हीनोड. तोवर युनिक्सच्या कर्नलमध्ये फाइल म्हणजे आयनोड, आणि आयनोड म्हणजे डिस्कवरच्या नोंदीची मेमरीतली प्रत. दूरची फाइल या साच्यात बसेना. मग फाइलीचे दोन भाग पाडले गेले. वरचा भाग, म्हणजे व्हीनोड, सगळ्या फाइल सिस्टिम्सना समान. त्यात दोन पॉइंटर मोलाचे : एक फंक्शनांच्या तक्त्याकडे जाणारा (वाचायचं तर हे बोलवा, लिहायचं तर ते), आणि दुसरा त्या त्या फाइल सिस्टिमच्या खासगी माहितीकडे. वरच्या कोडला खाली डिस्क आहे की नेटवर्क, याची खबर नसते. क्लायमन यांनी 1986 मध्ये यावर स्वतंत्र निबंध लिहिला. लिनक्सपासून बीएसडी या युनिक्सच्या शाखेपर्यंत आजही हीच विभागणी चालते, नावं तेवढी वेगळी.

खासगी भागात सगळ्यात आधी लागतो तो फाइल हँडल. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर मिळणारा बिल्ला आठवा. बिल्ल्यावरच्या आकड्याचा अर्थ स्टँडवाल्यालाच ठाऊक. आपण तो फक्त जपायचा आणि परत द्यायचा. हँडलही तसाच. सर्व्हर बाइट्सची एक पुडी देतो, आणि आत काय आहे ते क्लायंटने बघायचं नसतं. दुसऱ्या आवृत्तीत ही पुडी नेमकी 32 बाइट्सची होती, तिसरीत 64 पर्यंत, चौथीत 128 पर्यंत. तिच्यात सर्व्हर साधारणपणे आपला आयनोड क्रमांक घालतो आणि सोबत एक पिढी-क्रमांक. फाइल उडवली आणि तोच आयनोड दुसऱ्या फाइलीला मिळाला, तर पिढी बदलते, आणि जुना हँडल दाखवणाऱ्याला ‘स्टेल फाइल हँडल’ म्हणून परत पाठवलं जातं. या संदेशाला पिढ्यान्‌पिढ्यांच्या सिस्टिम अ‍ॅडमिननी शिव्या घातल्या आहेत. तो नसता, तर भलत्याच फाइलीत लिहिलं गेलं असतं.

हँडलभोवती बाकीची नोंद रचली जाते. सनने तिला आरनोड म्हटलं. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात रिक मॅक्लेम यांनी बीएसडीसाठी एनएफएस नव्याने लिहिलं, ते 1990 च्या 4.3 बीएसडी-रेनोमध्ये आलं. त्यात ती एनएफएसनोड झाली. लिनक्समध्ये ती एनएफएस-आयनोड. घडण मात्र निराळी. बीएसडीत व्हीनोड एकीकडे, एनएफएसनोड दुसरीकडे, आणि दोघं एकमेकांकडे पॉइंटर रोखून बसलेले. लिनक्समध्ये सर्वसाधारण आयनोड हा मोठ्या एनएफएस-आयनोडच्या पोटातच असतो. आतल्याचा पत्ता हाती आला की ठरावीक अंतर वजा करायचं, बाहेरचा सापडतो. एक पॉइंटर आणि मेमरीतली एक उडी वाचते. वाचायला बीएसडीचा कोड अधिक सरळ, हे मात्र कबूल करावं लागेल.

सर्व्हरकडून हँडल आला की ‘ही फाइल आपल्याकडे आधीपासून आहे का’ हे पटकन कळायला हवं. नाहीतर एकाच फाइलीच्या दोन नोंदी तयार होऊन दोघींच्या कॅशमध्ये दोन वेगळ्या गोष्टी राहायच्या. फ्रीबीएसडी अख्ख्या हँडलवरून हॅश काढतं. लिनक्स आधी फाइल क्रमांकावरून हॅश टेबलमधला कप्पा गाठतं आणि मग हँडल बाइटनिशी जुळवून पाहतं.

आता खरी गंमत : अ‍ॅट्रिब्यूट कॅश. फाइलीची लांबी, मालक, परवानग्या, वेळा हे सगळं सर्व्हरला विचारून नोंदीत ठेवलेलं असतं, आणि शेजारच्या रकान्यात ते कधी विचारलं याची वेळ. तपशीलवार यादी मागितली की प्रत्येक फाइलीची ही माहिती लागते. दर वेळी सर्व्हरकडे धावायचं म्हटलं तर हजार फाइलींच्या फोल्डरला हजार प्रश्न. म्हणून काही सेकंद जुन्या माहितीवरच भागवायचं. लिनक्समध्ये फाइलींसाठी ही मुदत 3 ते 60 सेकंद, फोल्डरांसाठी 30 ते 60.

पण 3 आणि 60 च्या मध्ये नेमकी किती? इथे दोन घराणी दिसतात. लिनक्स अनुभवावर चालतं : मुदत संपल्यावर विचारलं आणि काही बदललेलं नसलं, तर पुढची मुदत दुप्पट, बदल दिसला, की पुन्हा किमान मुदतीवर. बीएसडी फाइलीचं वय पाहतं : शेवटच्या बदलाला जितका काळ लोटला त्याचा दहावा हिस्सा. पाच मिनिटांपूर्वी बदललेल्या फाइलीवर 30 सेकंद विश्वास, गेल्या दिवाळीपासून कुणी हात न लावलेलीवर कमाल मुदतीइतका. माझं मत बीएसडीच्या बाजूने. तिथे फाइल क्लायंटला पहिल्यांदाच भेटली तरी तिचं वय तिच्यासोबत आलेलं असतं. लिनक्सला स्वभाव ओळखायला काही फेऱ्या घालाव्या लागतात.

याच नोंदीत लांबीचे दोन आकडे सापडतात. वाचणारा चक्रावतो. एक सर्व्हरने सांगितलेला, दुसरा क्लायंटचा स्वतःचा. समजा, प्रोग्रामने फाइलीच्या शेवटी 4 किलोबाइट जोडले, पण ते अजून क्लायंटच्या मेमरीतच आहेत. तेवढ्यात कुठल्याशा उत्तरासोबत सर्व्हरची जुनी, आखूड लांबी आली. ती मुकाट्याने मान्य केली तर आत्ताच लिहिलेला मजकूर कापला जाईल. म्हणून बीएसडीच्या नोंदीत ‘बदल झालेला आहे’ असं एक निशाण असतं; ते वर असेल आणि सर्व्हरचा आकडा कमी असेल, तर क्लायंट स्वतःचा आकडा धरून बसतो.

दुसऱ्या कुणी बदल केला हे ओळखणं आणखी अवघड, कारण आपल्याच लिखाणानेही फाइलीची वेळ बदलते. क्लायंट स्वतःच्याच कामावर संशय घेऊन कॅश फेकून द्यायचा. 1995 च्या तिसऱ्या आवृत्तीने यावर साधा तोडगा काढला : लिखाणाच्या उत्तरात सर्व्हर आधीची लांबी आणि वेळाही कळवू लागला. त्या आपल्याकडच्या नोंदीशी जुळल्या, म्हणजे मध्ये कुणी आलेलं नव्हतं. पण मुळात वेळेवर भिस्त ठेवण्यातच खोट होती. कित्येक सर्व्हरांच्या डिस्कवर ती पूर्ण सेकंदांतच नोंदली जायची, आणि एका सेकंदात दोन बदल झाले तर दुसरा दिसायचाच नाही. चौथ्या आवृत्तीत म्हणून 64 बिटांचा बदल-आकडा आला, आणि घड्याळाचं महत्त्व कमी झालं.

यातून वापरणाऱ्याला मिळणारी हमी तोकडी आहे : एकाने फाइल बंद केली आणि त्यानंतर दुसऱ्याने उघडली, तर दुसऱ्याला पहिल्याचं लिखाण दिसेल. दोघांनी एकाच वेळी उघडून ठेवली असेल तर हमी नाही. बंद करताना क्लायंट उरलंसुरलं सगळं सर्व्हरकडे ढकलतो, उघडताना अ‍ॅट्रिब्यूट ताजे करून घेतो. बहुतेक कार्यालयांना एवढं पुरतं. डेटाबेस चालवणाऱ्यांना पुरत नाही, आणि भांडणं तिथेच होतात.

लिखाणाचा आणखी एक रकाना सांगायलाच हवा, कारण त्याची कुणी दखल घेत नाही. प्रोग्रामने लिहिलं, क्लायंटने ‘झालं’ म्हटलं, आणि मजकूर मागाहून पाठवला. पाठवताना कळलं, सर्व्हरची डिस्क भरली आहे. आता ही चूक सांगायची कुणाला? प्रोग्राम तर पुढे गेला. बीएसडीत ती एनएफएसनोडमधल्या एका रकान्यात थांबून राहते आणि फाइल बंद करताना हातात पडते. बंद करण्याच्या क्रियेचं उत्तर तपासणारे प्रोग्राम किती असतात? फार थोडे.

दुसऱ्या आवृत्तीत सर्व्हरने उत्तर देण्याआधी मजकूर डिस्कवर उतरवलाच पाहिजे, अशी अट होती. लिहिणं त्यामुळे रडतखडत चाले. तिसऱ्या आवृत्तीपासून सर्व्हर मजकूर मेमरीत ठेवून लगेच उत्तर देऊ शकतो, सोबत 8 बाइट्सचा एक पडताळा-आकडा देतो, आणि क्लायंट नंतर एकदम ‘कमिट’ मागतो. मधल्या काळात सर्व्हर बंद पडून पुन्हा उठला तर आकडा बदलतो, आणि मजकूर पुन्हा पाठवावा लागतो. म्हणून पाठवलेल्या मजकुराची मेमरीतली पानंही क्लायंटला जपावी लागतात. लिनक्समध्ये अशा पानांची वेगळी यादी असते : पाठवलेली, पण अजून पक्की न झालेली.

युनिक्समध्ये उघडी फाइल उडवता येते. नाव जातं, मजकूर शेवटचा वापरणारा सोडेपर्यंत राहतो. जुन्या एनएफएसच्या सर्व्हरला कोणती फाइल उघडी आहे हे ठाऊकच नसे. मग क्लायंट उडवण्याऐवजी नाव बदलतो : टिंब, एनएफएस आणि पुढे आकडे-अक्षरांची माळ. जोडीला एक छोटी नोंद, त्यात फोल्डर, नवं नाव आणि कुणाच्या अधिकाराने उडवायची ते. फाइल बंद झाली की खरी उडवायची. या प्रकाराला जाणकार ‘सिली रिनेम’ म्हणतात, आणि नाव योग्यच आहे. मधेच क्लायंटची वीज गेली, तर ती फाइल सर्व्हरवर बेवारस पडून राहते.

‘सर्व्हर नॉट रिस्पाँडिंग, स्टिल ट्रायिंग’ हे वाक्य ज्यांनी पाहिलंय, त्यांना विनंत्यांच्या रांगेबद्दल वेगळं सांगायला नको. प्रत्येक विनंतीला 32 बिटांचा क्रमांक, घड्याळ आणि पुन्हा किती वेळा पाठवली याची मोजदाद. सर्व्हर काहीच लक्षात ठेवत नाही, तेव्हा तीच विनंती पुन्हा पाठवली तरी बिघडत नाही, हा मूळ सिद्धांत. वाचण्याच्या बाबतीत तो खराच होता. उडवण्याच्या बाबतीत नाही : काम झालं, पण उत्तर वाटेत हरवलं, पुन्हा विचारलं तर ‘अशी फाइलच नाही’. डेक या संगणक कंपनीच्या चेट जुश्चाक यांनी 1989 मध्ये सर्व्हरवर अलीकडच्या विनंत्यांची कॅश ठेवण्याचा उपाय मांडला. तो बराचसा चालला, पण पूर्ण हमी 2010 च्या 4.1 आवृत्तीपर्यंत मिळाली नाही. तिथे क्लायंट-सर्व्हरमध्ये सत्र असतं, सत्रात ठरावीक कप्पे, आणि प्रत्येक कप्प्याला चढता क्रमांक. सर्व्हरला नेमकी किती उत्तरं जपायची ते कळतं.

चौथ्या आवृत्तीने, 2000 नंतर, सर्व्हरला स्मरणशक्ती दिली आणि क्लायंटचा पसारा वाढवला. प्रत्येक उघड्या फाइलीमागे 16 बाइट्सचा स्टेट-आयडी, उघडणाऱ्याची नोंद, कुलपांची यादी, आणि या सगळ्यावर सर्व्हरने दिलेली मुदत. लिनक्स सर्व्हरवर ती सहसा 90 सेकंद. मुदत संपण्याआधी नूतनीकरण झालं नाही तर हक्क जातात. सर्व्हर पुन्हा उठला, की क्लायंटला या याद्या चाळून एकेक हक्क परत मागावा लागतो. लिनक्समधला हा कोड वाचायला बसणाऱ्याने चहा जवळ ठेवावा. बदल्यात डेलिगेशन मिळतं : ‘दुसरं कुणी आलं तर मी बोलावीन, तोवर विचारू नकोस’ असं सर्व्हरचं वचन. ते हाती असेपर्यंत 3 ते 60 सेकंदांचा हिशेब त्या फाइलीपुरता बाजूला पडतो. सर्व्हरने ते द्यायलाच हवं अशी सक्ती नाही, आणि एकाच फाइलीवर अनेकांचं लिखाण सुरू असेल, म्हणजे जिथे त्याची खरी निकड, तिथे ते मिळतही नाही. तिथे क्लायंट मुकाट्याने जुन्या रकान्यातली वेळ पाहतो आणि सर्व्हरला पुन्हा विचारतो.