कोर्स ८४ दिवसांचा, बंदी ६१ दिवसांची

बंदी १ जूनला लागते, ३१ जुलैला संपते. तपासण्या, औषधपाणी सगळं आपण याच ६१ दिवसांवर ढकलतो. पण हिपॅटायटिस सीचा कोर्स बहुतेकांना १२ आठवड्यांचा असतो. १ जूनला सुरू केला तरी २३ ऑगस्टपर्यंत चालतो, आणि ट्रॉलर तर १ ऑगस्टलाच बाहेर पडतात. गोळ्या चुकतात त्या इथेच.

पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागत, आणि तरी साधारण निम्मेच बरे होत. आता सोफोसबुविर आणि जोडीला डॅक्लाटासविर किंवा वेलपाटासविर, या गोळ्यांनी शंभरातले ९५च्या आसपास बरे होतात. २०१८पासून सरकारी कार्यक्रमात त्या मोफत आहेत. जिल्हा इस्पितळात चौकशी करा.

मग उरलेल्यांना गुण का येत नाही? यकृत आधीच कडक झालं असेल (सिरोसिस), तर औषध कमी लागू पडतं. मग डॉक्टर औषध वाढवतात किंवा कोर्स २४ आठवड्यांचा करतात. म्हणून तपासणीला उशीर नको. दारू यकृत आणखी बिघडवते, तीही बंदच हवी. आधी एकदा कोर्स फसला असेल तर तेही लपवू नका.

दुसरं कारण आपल्या खिशातलंच. बोटीवर जेवणाला वेळकाळ नाही, त्यामुळे ॲसिडिटीची गोळी प्रत्येकाकडे असते. वेलपाटासविर अंगी लागायला पोटात आम्ल लागतं. ते कमी केलं की औषध वाया जातं. टीबीच्या आणि फिट्सच्या काही गोळ्याही याचा जोर कमी करतात. त्यामुळे चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरला दाखवा. हिपॅटायटिस बीची तपासणीही आधी करून घ्या. बी अंगात असेल तर या उपचारात तो उसळू शकतो.

गोळ्यांची बाटली झाकणाच्या कोरड्या डब्यात केबिनमध्ये ठेवा, तांडेलाला सांगून ठेवा. फेरी लांबली तर? चार दिवसांच्या जास्त गोळ्या बरोबर असू द्या.

बोटमालकांना एक विनंती. हा आजार एका ताटात जेवून किंवा एकत्र झोपून पसरत नाही, रक्तातून पसरतो. तेव्हा दाढीचं ब्लेड प्रत्येकाचं वेगळं ठेवा, खलाशाला कामावरून काढू नका. कामावरून काढतील या भीतीनेच माणसं रिपोर्ट लपवतात.

कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासतात. त्यात विषाणू सापडला नाही तर माणूस बरा झाला. १ जूनला सुरू केलेल्याची ही तपासणी १५ नोव्हेंबरच्या सुमारास येते, ऐन हंगामात. त्या दिवशी त्याला किनाऱ्यावर राहू द्या.