आधी आवाज, मग चित्र

ज्ञानदानाला वर्गाच्या चार भिंतींचे बंधन आता उरलेले नाही. २००३ साली आयआयटी संस्था आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी ‘एनपीटीईएल’ हा चित्रमुद्रित व्याख्यानांचा प्रकल्प हाती घेतला. २०१७ मध्ये केंद्र शासनाचे ‘स्वयम्’ व्यासपीठ सुरू झाले आणि २०२० च्या टाळेबंदीने तर गावोगावच्या शिकवणीचालकांनाही कॅमेऱ्यासमोर उभे केले. आज लेखाकर्म, संगीत, शिवणकाम अशा नानाविध विषयांचे ऑनलाइन अभ्यासक्रम घरबसल्या तयार होतात. मात्र या व्यवसायात उतरणाऱ्याची पहिली चूक पुष्कळदा दुकानातच घडते. साठवलेल्या पुंजीतील मोठा हिस्सा महागड्या कॅमेऱ्यावर खर्च होतो आणि आवाजासाठी हाती फारसे काही उरत नाही.

वस्तुतः विद्यार्थी किंचित अस्पष्ट चित्र चालवून घेतो. अस्पष्ट आवाज मात्र त्याला सोसवत नाही. हिशेब शिकविताना ‘एकोणसाठ’ म्हटले की ‘एकोणसत्तर’, हेच कळले नाही तर सारे उदाहरण कोलमडते, आणि हात वर करून विचारण्याची सोय तेथे नसते. म्हणून खरेदीचा पहिला मान माईकचा.

बसून किंवा फिरत शिकविणाऱ्यास कपड्याला लावायचा कॉलर माईक सोयीचा पडतो. मेजाशी बसून संगणकाचा पडदा दाखवीत शिकवायचे असल्यास यूएसबी माईक पुरेसा होतो. कंडेन्सर माईक बारकावे टिपतो, पण रस्त्यावरचे भोंगेही तितक्याच तत्परतेने टिपतो. गजबजलेल्या वस्तीत डायनॅमिक माईक अधिक उपयुक्त ठरतो, मात्र तो तोंडाजवळ धरावा लागतो. अंतराचा नियम येथे महत्त्वाचा आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता एक-चतुर्थांश होते. महागडा माईक दूर ठेवण्यापेक्षा साधा माईक जवळ ठेवणे केव्हाही हितावह. ध्वनिमुद्रणाच्या वेळी पंखा बंद ठेवावा. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. जाड पडदे, सतरंजी आणि पुस्तकांनी भरलेले कपाट हा घुमारा बऱ्याच अंशी शोषून घेतात.

चित्रीकरणासाठी प्रारंभी हातातील स्मार्टफोन पुरतो. त्याचा मागील कॅमेरा बहुधा पुढच्यापेक्षा सरस असतो. तो स्थिर तिपाईवर बसवून १०८० पी दर्जाचे चित्रीकरण करावे. खिडकी पाठीशी न घेता समोर वा तिरपी घ्यावी, म्हणजे चेहरा काळवंडत नाही. भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने काही दिव्यांखाली चित्र लुकलुकते. सोय असल्यास सेकंदाला २५ चौकटी आणि १/५० सेकंद शटर-वेग ठेवावा. दोष बहुतांशी दूर होतो.

साठवणुकीचा खर्चही आधीच मोजावा. सेकंदाला २० मेगाबिट या दराने एका तासाच्या चित्रीकरणास सुमारे ९ गिगाबाइट जागा लागते. प्रत्येक पाठाची दुसरी प्रत निराळ्या हार्ड डिस्कवर ठेवणे हा अनावश्यक खर्च नव्हे. तो श्रमांचा विमा होय.

भांडवलाची गरज भासल्यास सेवा व्यवसायांनाही खुल्या असलेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेचा विचार करता येईल. तिच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. दरपत्रक आणि व्यवसायाच्या नावाचे पक्के बिल जपून ठेवावे. परंतु कर्ज घेण्यापूर्वी एक प्रयोग अवश्य करावा. उपकरणे एक दिवसासाठी भाड्याने किंवा उसनी आणून दहा मिनिटांचा पाठ मुद्रित करावा आणि तो विषयाशी अपरिचित व्यक्तीस साध्या फोनवर ऐकवावा. तिला सांगितलेले आकडे बिनचूक लिहिता आले, तर त्याहून महाग सामग्रीची तूर्त आवश्यकता नाही. मासिक हप्ता ठरविताना संभाव्य विद्यार्थ्यांची नव्हे, तर प्रत्यक्ष शुल्क भरलेल्यांची संख्या धरावी.

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही शिकवण येथेही लागू पडते. उपकरणे कालांतराने जुनी होतात, त्यांची किंमत घटते; परंतु दूरच्या खेड्यातील विद्यार्थ्यास नीट ऐकू गेलेला, नीट उमगलेला पाठ त्याच्यापाशी कायम राहतो. खर्चाचा प्रत्येक रुपया त्याच्या कानापर्यंत पोहोचतो की नाही, एवढे पाहिले तरी निवड सहसा चुकत नाही.