लस घेतली होती का?

चाळिशीच्या आतला माणूस हृदयविकाराने गेला की हल्ली स्मशानात जमलेल्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतो, ‘लस घेतली होती का याने?’ विचारणारा कधी पुण्यातला इंजिनिअर असतो, कधी गावाकडचा शेतकरी, तर कधी निवृत्त शिक्षकही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात हासन जिल्ह्यातल्या अशा मृत्यूंनंतर खुद्द मुख्यमंत्र्यांनी ही शंका जाहीर बोलून दाखवली आणि केंद्राला आयसीएमआर व एम्सच्या अभ्यासांचा हवाला देऊन खुलासा करावा लागला. देशात करोना लसीकरण सुरू झाले ते १६ जानेवारी २०२१ रोजी. दोनशे कोटींहून अधिक डोस टोचले गेले, असंख्य जीव वाचले आणि पाच वर्षांनी लोकांच्या तोंडी उरला तो हा प्रश्न.

याचे खापर लोकांच्या अज्ञानावर फोडण्याची जुनी खोड आहे. १८९७ साली मुंबईत शास्त्रज्ञ हाफकिनने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडचे सोजीर घराघरांत शिरत होते. सरकारी माणूस दिसला की दार लावून घेणाऱ्याने त्याच सरकारच्या सुईवर विश्वास कसा ठेवायचा? पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवालला लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष एका बाटलीतला होता. तरी हाफकिनला आपले नाव धुऊन निघण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. नंतरची देवीची टोचणी, शाळेत दंड पुढे करून रांगेत उभी राहणारी पोरे, हे सगळे हळूहळू लोकांच्या अंगवळणी पडले. त्यात फारसे सांगण्याजोगे नाही.

सांगण्याजोगे आहे ते २०१४ नंतरचे दशक. २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. त्यामागे १९९५ पासूनचे पल्स पोलिओचे रविवार होते. शाळेच्या व्हरांड्यात, समाजमंदिरात, एसटी स्टँडवर एक टेबल, बर्फाच्या पेटीत लसीच्या कुप्या, बाळाच्या तोंडात दोन थेंब आणि डाव्या करंगळीच्या नखावर पेनाची खूण. सोमवारपासून टेबलामागच्या त्याच बाया घरोघरी जात, करंगळ्या तपासत आणि दाराशी खडूने खूण करून पुढच्या घरी वळत. आईने ‘ताप येईल का?’ विचारले तर उत्तर द्यायला ओळखीची बाई समोर असे. दार बंद झाले, तरी ती पुन्हा येई. हा विश्वास जाहिरातींनी कमावलेला नव्हता. हेलपाटे घालून कमावलेला होता.

तो किती टिकाऊ आहे, हे नोव्हेंबर २०१८ मध्ये कळले. गोवर-रुबेलाची मोहीम महाराष्ट्रात सुरू झाली आणि या लसीने मुले पुढे नपुंसक होतात, असे व्हॉट्सअॅपवरून पसरले. काही शाळांत पालकांनी संमतीपत्रावर सही करायला नकार दिला. तेव्हा डॉक्टर पालकसभांत जाऊन बसले, मौलवींशी बोलले, शंका ऐकून घेतल्या. मोहीम पार पडली.

मग करोना आला आणि ऐकून घेण्याची ही रीत मागे पडली.

३ जानेवारी २०२१ रोजी कोव्हॅक्सिन या लसीला तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष हाती येण्याआधी परवानगी मिळाली, तीही ‘क्लिनिकल ट्रायल मोड’ अशा शब्दांत, वेगळ्या संमतीपत्रासह. १६ जानेवारीला दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांनी पत्र लिहून कोव्हॅक्सिनऐवजी कोव्हिशील्ड मागितली. त्यांना कुणी अडाणी म्हटले नाही, आणि ते बरोबरच झाले. पण हीच शंका मेळघाटातल्या कोरकू माणसाने बोलून दाखवली, की तो अंधश्रद्धाळू ठरला. त्याच सुमारास, ३१ जानेवारीला, यवतमाळ जिल्ह्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझर पाजले गेले. मुले वाचली. पण ही बातमी ऐकलेल्या आईने पुढच्या वेळी बाटलीकडे दोनदा पाहिले, तर तिला दोष कसा द्यायचा?

एप्रिल-मेमध्ये चित्र उलटे झाले. दुसरी लाट अंगावर आली आणि आदल्या महिन्यात टाळाटाळ करणारे पहाटेपासून रांगेत उभे राहिले. कोव्हिशील्ड पुण्यातच तयार होत होती, पण पुणेकरांनाही केंद्रावर ‘लस शिल्लक नाही’चा फलक दिसत होता. १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली, आणि बारा दिवसांत राज्याला १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण थांबवावे लागले. ज्यांच्या हाती स्मार्टफोन आणि वेगवान नेट, त्यांनी कोविनवर पालघर, शहापूरकडच्या केंद्रांतले स्लॉट पटकावले. गाडीतून आलेली शहरी तरुण मंडळी प्राथमिक आरोग्य केंद्रात लस घेऊन परत जात होती आणि गावकरी दाराशी उभे होते. खेड्यातले लोक लस घेत नाहीत, असे लेख त्याच महिन्यांत छापून येत होते. या अन्यायाची कुणी आजवर माफी मागितलेली नाही.

कोव्हिशील्डच्या दोन डोसांमधले अंतर आधी चार ते सहा आठवडे होते, मार्चमध्ये ते सहा ते आठ झाले आणि १३ मे रोजी बारा ते सोळा. जास्त अंतराने लस अधिक परिणामकारक ठरते, याला परदेशातला अभ्यास होता. पण घोषणा आली ती ऐन तुटवड्यात. लोकांनी दोन्हीचा संबंध जोडला, आणि तो तोडण्यासाठी कुणीही समोर येऊन पुरेसे बोलले नाही.

चार दिवसांनी, १७ मे रोजी, लसीनंतरच्या दुष्परिणामांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय समितीचे निष्कर्ष जाहीर झाले. ४९८ गंभीर घटनांपैकी २६ मध्ये रक्ताच्या गुठळ्यांची शक्यता आढळली होती; कोव्हिशील्डच्या दहा लाख डोसांमागे ०.६१. धोका अत्यल्प होता. मृत्यूचे आकडे रोज चार हजारांच्या घरात असताना लस घेणेच शहाणपणाचे होते, हे या आकड्याने उलट अधिक ठसले असते. तो पत्रकात आला, वर्तमानपत्रात आतल्या पानांवर गेला आणि लसीकरण केंद्राच्या भिंतीवर कधी लागलाच नाही. खरी, नेमकी, धीर देणारी माहिती हाताशी असून ती दारापर्यंत पोचवली नाही. या दशकातली सगळ्यात महाग पडलेली चूक हीच.

रिकामी जागा भरायला मग बाकीचे आले. जूनमध्ये नाशिकच्या एका ज्येष्ठ नागरिकाच्या अंगाला नाणी-चमचे चिकटल्याचा व्हिडिओ देशभर फिरला आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीला खुलासा करावा लागला, की घामट त्वचेला अशा वस्तू लस न घेताही चिकटतात. कांदिवलीतल्या एका सोसायटीत ३० मे रोजी सुमारे ३९० जणांनी प्रत्येकी १,२६० रुपये मोजून लस घेतली. फोटो काढायला मनाई होती. नंतर कुणाला ताप नाही, दंड दुखला नाही. प्रमाणपत्रे आली ती भलत्याच रुग्णालयांच्या नावाने. मुंबईत अशा बनावट शिबिरांत दोन हजारांहून अधिक लोक फसले. ही सगळी शिकलेली माणसे होती.

त्यानंतर समजावण्याची जागा सक्तीने घेतली. ऑगस्टमध्ये लोकलचा पास दोन डोसवाल्यांनाच मिळू लागला. नोव्हेंबरमध्ये औरंगाबाद जिल्ह्यात निदान एक डोस नसेल तर पेट्रोल नाही, रेशन नाही, असे आदेश निघाले. रांगा वाढल्या, हे खरे. पण ज्याने रेशनसाठी दंड पुढे केला, त्याच्या पोटात शंका तशीच राहिली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कुणालाही बळजबरीने लस देता येणार नाही आणि दुष्परिणामांची नोंद लोकांसमोर ठेवली पाहिजे. तोवर बराच उशीर झाला होता.

किंमत मोजली ती ज्यांचा या वादाशी काही संबंध नव्हता, त्या मुलांनी. करोनाच्या दोन वर्षांत नेहमीच्या लसी मागे पडल्या होत्या. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवंडीत गोवर पसरला, मालेगाव-भिवंडीतही रुग्ण सापडले, बालके दगावली. बायका पुन्हा दारोदार निघाल्या. आता काही घरांतून विचारले जात होते, ‘ही करोनाचीच सुई नाही ना?’

दार वाजवणाऱ्यांत राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा स्वयंसेविका होत्या. साथीत मास्क-सॅनिटायझरसाठीही त्यांना भांडावे लागले. जून २०२१ मध्ये मानधनासाठी त्या संपावर गेल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये, कबूल केलेल्या मानधनवाढीचा शासन निर्णय निघत नाही म्हणून, त्या आझाद मैदानावर उन्हात बसल्या होत्या. निर्णय मार्चमध्ये निघाला. त्या गावी परतल्या आणि एप्रिलअखेर बातमी आली, की कोव्हिशील्ड ज्या कंपनीच्या लसीवरून बनली, त्या अॅस्ट्राझेनेकाने ब्रिटनमधल्या न्यायालयात गुठळ्यांचा दुर्मीळ धोका मान्य केला. तीन वर्षांपूर्वीचा ०.६१ हा आकडा तेव्हाही कुणी त्यांच्या हाती दिला नव्हता. बाळांच्या लसीसाठी मे महिन्यात त्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा आत बसलेल्या म्हाताऱ्यांनी पहिल्यांदा त्यांनाच विचारले, ‘ताई, आम्हाला टोचलेली तीच का ती?’