चढलेला बाण सुखरूप उतरतो कसा?

दिवाळीतला बाण आपण बाटलीत उभा करतो, वात पेटवतो आणि मान वर करून पाहतो. तो पडला कोठे, याची चौकशी कोणी करीत नाही. फार तर सकाळी शेजाऱ्यांच्या गच्चीवर त्याची काडी सापडते. अमेरिकेतील हौशी मंडळी पुठ्ठ्याची रॉकेटे उडवतात. त्यांचा जीव मात्र सारा उतरण्यात अडकलेला असतो, कारण तेच रॉकेट त्यांना पुन्हा उडवायचे असते. मुलीकडे डेन्व्हरला मुक्काम असताना नातवाच्या संगतीने मी या छंदात चांगलाच रमलो. माझे मत विचाराल, तर रॉकेटाचा रंग आणि पंख मागाहून पाहावेत. आधी आतली दोरी पाहावी!

या छंदाचा जन्म झाला तो नेब्रास्कातील नॉरफोक गावच्या एका जोडे विकणाऱ्या गृहस्थाच्या हातून. त्यांचे नाव ऑर्व्हिल कार्लाइल. दारूकामाची त्यांना हौस. १९५४ साली भाऊ रॉबर्टच्या मदतीने त्यांनी छत्रीने खाली येणारे छोटे रॉकेट बनवले आणि नावही ठेवले ‘रॉक-ए-शूट’. त्या काळी उत्साही पोरे लोखंडी नळ्यांत स्फोटक द्रव्ये ठासून हातपाय गमावून बसत. हॅरी स्टाइन हे व्हाइट सँड्सच्या रॉकेट-केंद्रावरचे जाणकार. त्यांचा सुरक्षिततेवरचा लेख १९५७ साली कार्लाइलांच्या वाचनात आला आणि त्यांनी आपले नमुने त्यांच्याकडे धाडले. कारखान्यात तयार झालेले इंजिन, पुठ्ठ्याचे अंग आणि छत्री अशी ती सोय होती. पुढच्याच वर्षी व्हर्न एस्टेस यांचा कारखाना निघाला. १९६१ मध्ये तो कोलोराडोतील पेनरोझला गेला.

आता आतली करामत पाहा. इंजिनावर ‘बी ६-४’ असे काही छापलेले असते. त्यातला शेवटचा चार म्हणजे चार सेकंद. मुख्य दारू सेकंदाच्या आत संपते. मग चार सेकंद एक संथ मसाला धुमसत राहतो आणि रॉकेट आपल्या वेगाने वर जाते. शेवटी छोटासा बार पुढच्या बाजूने उडतो व टोपण आणि छत्री बाहेर फेकली जातात. टोपण एकीकडे, नळी दुसरीकडे, असे होऊ नये म्हणून दोघांना बांधणारी जी दोरी, तिला म्हणतात शॉक-कॉर्ड. सगळा हिसका तिने सोसायचा.

एका रविवारी मैदानावर कोणाच्या तरी रॉकेटातले जुने रबर तुटले. टोपण छत्रीसकट वाऱ्यावर डुलत निघून गेले, आणि उरलेली नळी गरगरत आली ती मुलांच्या आया बसल्या होत्या तेथून चार हातांवर! नातू हळूच म्हणाला, “आजोबा, आपली दोरी पाहू या.”

पेटीत बहुधा रबराची चपटी पट्टी मिळते. कागदाच्या तिहेरी घडीत बसवून ती नळीच्या तोंडाशी चिकटवायची. पहिली काही उड्डाणे ठीक जातात. पण गरम वायूने आणि वयाने रबराला भेगा पडतात. शिवाय ती आखूड असली, की ताणलेले टोपण गलोलीसारखे परत येते आणि नळीला पोचा पाडते. शिवणाच्या दुकानातले इलॅस्टिक लांब घेता येते, पण आगीशी त्याचेही जमत नाही.

आगीला पुरून उरतो केव्हलारचा धागा. ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक या बाईंनी १९६५ साली याचा शोध लावला. ज्वाळेत तो वितळत नाही. खोड एकच: तो ताणत नाही! रॉकेट वेगात असताना छत्री उघडली, तर हाच बारीक धागा पुठ्ठ्याची नळी सुरीसारखी चिरत जातो.

म्हणून दोघांचे लग्न लावावे हे उत्तम. केव्हलार खाली इंजिनाच्या बैठकीला बांधावा आणि नळीच्या तोंडाच्या किंचित आतच संपवावा. पुढे इलॅस्टिक जोडावे. एकूण लांबी रॉकेटाच्या तिप्पट तरी हवी. टोपणाचा जोर वाटेतच जिरतो. कंजूषपणा येथे करू नये. दोरी काही महाग नसते.

छत्रीच्या खाली न पेटणाऱ्या कागदाचे बोळे, नळीच्या व्यासाच्या दुप्पट खोलीपर्यंत, सैलसर भरावेत. साधा कागद कदापि नको. तो पेटता खाली पडला तर वाळल्या गवताला काडी लावल्यासारखेच. मोठ्या रॉकेटांत नोमेक्स कापडाचा चौकोन वापरतात. थंडीत प्लॅस्टिकच्या घड्या एकमेकींना चिकटतात, तेव्हा छत्रीवर टाल्कम पावडर भुरभुरावी.

छत्री मोठी तितकी बरी, असे मात्र नाही. ४५ ग्रॅमच्या रॉकेटाला ३० सेंटिमीटरची छत्री असली, तर मुंबईसारख्या समुद्रकाठच्या हवेत ते सेकंदाला पावणेचार मीटरच्या आसपास वेगाने उतरेल; डेन्व्हरच्या विरळ हवेत चार. एवढे पुरे. त्याहून मोठी छत्री घेतली, की मैलभर पायपीट ठरलेली. वारा असेल त्या दिवशी हलक्या रॉकेटाला नुसती लांब फीतही चालते.

दर उड्डाणानंतर गाठीपाशी धागा पाहावा. काळवंडून कडक झाला असेल तर बदलावा. उन्हानेही केव्हलार कमजोर होतो, म्हणून रीळ डब्यात ठेवावे. आमच्याकडे ते आजीच्या शिवणाच्या डब्यात असते, आणि इलॅस्टिक संपल्याचा आरोप हल्ली नातवावर येतो.