गणकयंत्र, गणित आणि कारखान्याचा कारभार

निजाम राज्य रेल्वेने १९३२ साली हैदराबाद संस्थानात बसगाड्यांची वाहतूक सुरू केली, तेव्हा तिच्यापाशी २७ गाड्या आणि १६६ नोकर होते. आज ही संख्या पाहून हसू येईल. परंतु समजा, या २७ गाड्या २७ निरनिराळ्या मार्गांवर अशा बेताने नेमून द्यावयाच्या आहेत की, एकूण खर्च कमीत कमी यावा. अशा नेमणुकीचे प्रकार किती होतील? पहिल्या गाडीला २७ मार्ग मोकळे, दुसरीला २६, तिसरीला २५, याप्रमाणे शेवटपर्यंत गुणाकार करीत गेल्यास उत्तर २९ अंकी येते. सेकंदाला १०० कोटी नेमणुका तपासणारे गणकयंत्र या कामास बसविले, तरी त्याला सुमारे ३४,५०० कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय शास्त्रज्ञ सुमारे १,३८० कोटी वर्षे सांगतात!

गणकयंत्राचा वेग वाढला की व्यवहारातील सारे हिशेब आपोआप सुटतील, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो या एका गुणाकाराने खोटा ठरतो. यंत्र हजारपट वेगवान केले, तरी ३४ कोटी वर्षे उरतातच. उणीव वेगाची नसून रीतीची आहे, आणि ती रीत शोधून काढणे, ती बरोबर आहे हे सिद्ध करणे, हेच गणित आणि उद्योगव्यवस्थापन यांच्या सीमेवर होणाऱ्या पीएच.डी.च्या संशोधनाचे काम होय.

या शास्त्राचा जन्म युद्धकाळातला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये ब्लॅकेटप्रभृती शास्त्रज्ञांनी जहाजांचे तांडे लहान असावेत की मोठे, यांसारख्या प्रश्नांचा छडा आकडेवारीच्या साहाय्याने लावला आणि मोठ्या तांड्यात जहाजांची हानी प्रमाणाने कमी होते असे दाखवून दिले. या अभ्यासास ‘ऑपरेशन्स रिसर्च’ असे नाव पडले. मराठीत त्याला क्रियासंशोधन म्हणता येईल. भारतात या विषयाचे पहिले पथक १९४९ साली स्थापन झाले, आणि तो मान पाठ्यपुस्तके हैदराबादच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेस देतात. ही प्रयोगशाळा म्हणजेच आजची भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था. गणिताची एक शाखा या देशात विद्यापीठाच्या गणित विभागात न जन्मता रसायनांच्या भट्ट्यांशेजारी जन्मावी, यात नवल मानण्याचे कारण नाही. जेथे माल तयार होतो, तेथेच तो वाया जातो आणि तेथेच तो मोजावासा वाटतो. पुढे १९५३ साली महालनोबीस यांनी कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेत राष्ट्रीय नियोजनासाठी असेच पथक उभे केले आणि १९५७ साली या विषयाची अखिल भारतीय संस्थाही निघाली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गाड्यांच्या नेमणुकीचा तो प्रश्न दिसतो तितका भयंकर नाही. हॅरल्ड कून या अमेरिकन गणितज्ञाने १९५५ साली त्याची एक रीत प्रसिद्ध केली. कोनिग आणि एगरव्हारी या दोन हंगेरियन गणितज्ञांच्या आधीच्या कामावर ती उभी असल्यामुळे, त्यांच्या सन्मानार्थ त्याने तिला ‘हंगेरियन पद्धत’ असे नाव दिले. खर्चाचा तक्ता मांडावयाचा, प्रत्येक ओळीतून आणि स्तंभातून लहानात लहान आकडा वजा करावयाचा आणि उरलेल्या शून्यांतून नेमणूक साधावयाची. ती न साधल्यास तक्त्यात ठराविक फेरफार करून पुन्हा पाहावयाचे. या पद्धतीच्या सुधारलेल्या रूपात कामाचा भार संख्येच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, आणि २७ चा घन अवघा १९,६८३ आहे. २९ अंकी डोंगर पाच अंकांवर आला. चिकाटीचा कारकून हे काम कागद-पेन्सिलीनेही उरकील.

परंतु प्रश्नात किंचित बदल करून पाहा. गाड्या २७ नाहीत, एकच आहे. तिने आगारातून निघून २७ गावांना प्रत्येकी एकदा जाऊन परत यावयाचे आहे आणि प्रवास कमीत कमी व्हावयास हवा. येथेही प्रकारांची संख्या तीच, २९ अंकी. उलट-सुलट फेऱ्या एकच मानल्या तर निम्मी. दोन्ही प्रश्न जुळ्या भावांसारखे दिसतात, पण पहिला गरीब गाय निघाला आणि दुसरा अजून कोणाच्या दावणीला बांधला गेलेला नाही. फिरत्या विक्रेत्याचा हा प्रश्न सर्व प्रसंगी झटपट सोडविणारी रीत आजवर कोणाला सापडलेली नाही. तशी रीत असूच शकत नाही, हेही कोणाला सिद्ध करता आलेले नाही. रिचर्ड कार्प यांनी १९७२ साली असे २१ हट्टी प्रश्न एकमेकांशी बांधून दाखविले: त्यांपैकी एक झटपट सुटला, तर सारेच सुटतील.

मग व्यवहारात करावयाचे काय? या दृष्टीने एका भारतीय प्रबंधाची कल्पना पाहण्यासारखी आहे. हैदराबादशी ज्यांचे नाव निगडित आहे, त्या एस. एन. एन. पंडित यांनी १९६२ साली ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या अमेरिकन नियतकालिकात माल भरण्याच्या प्रश्नावर लेख लिहिला आणि १९६३ साली खरगपूरच्या आय.आय.टी.स याच जातीच्या शोधप्रश्नांवर प्रबंध सादर केला. त्यांची रीत शब्दकोशाच्या रीतीवर बेतलेली आहे. प्रत्येक संभाव्य फेरी हा एक शब्द आणि प्रत्येक टप्पा हे त्यातील एक अक्षर, असे मानावयाचे. प्रत्येक गावापासूनचे टप्पे स्वस्तापासून महागापर्यंत क्रमाने लिहिले की वर्णमाला तयार झाली. मग सारे शब्द कोशात असतात तसे अनुक्रमाने लागतात. आता शोध सुरू करावयाचा. समजा, ५०० मैलांची एक फेरी हाती आली आहे. पुढे एखाद्या शब्दाची पहिली तीन अक्षरे ३५० मैलांची झाली आणि उरलेला प्रवास कितीही कसोशीने केला तरी १६० मैलांहून कमी होणार नाही असे दिसले, तर त्या तीन अक्षरांनी सुरू होणारा एकही शब्द पाहण्याची गरज नाही. मोल्सवर्थच्या कोशात ‘पाणी’ शोधणारा माणूस ‘क’ची पाने वाचीत बसत नाही, तसेच हे. एका नजरेत कोट्यवधी शब्द गळतात, आणि गळालेल्यांत उत्तम उत्तर नव्हते याची खात्रीही राहते. ‘शाखा आणि सीमा’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत पाश्चात्त्य देशांत याच सुमारास आकार घेत होती. तिचे आणि या रीतीचे नाते जवळचे आहे. पुढील काळात या कोशरीतीवर भारतात अनेकांनी प्रबंध लिहिले, त्यांत वरंगळच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील एक १९७९ चा आहे.

माल भरण्याचा किंवा कापण्याचा प्रश्न कारखान्यात तर रोजचाच. चंद्रपूरहून बल्लारपूरमार्गे दक्षिणेस जाणाऱ्या प्रवाशाला कागजनगर लागते. तेथील सिरपूर पेपर मिलसारख्या कोणत्याही कागद गिरणीत रुंद गुंडाळ्यांतून गिऱ्हाइकांच्या मापाचे पट्टे कापावे लागतात. गुंडाळी ३०० सेंटिमीटर रुंद आहे आणि १२०, १०० व ८० सेंटिमीटरचे प्रत्येकी दोन पट्टे हवे आहेत, असे धरा. मोठे पट्टे आधी कापून टाकावेत, या बाळबोध नियमाने गेल्यास पहिल्या गुंडाळीतून १२० चे दोन निघतात आणि ६० सेंटिमीटर वाया जातात. दुसरीतून १०० चे दोन आणि ८० चा एक. उरलेल्या एका पट्ट्यासाठी तिसरी गुंडाळी फोडावी लागते. तेच प्रत्येक गुंडाळीतून १२०, १०० आणि ८० असे एकेक काढले, तर दोन गुंडाळ्यांत काम भागते आणि चिंधीही उरत नाही. सहा पट्ट्यांत हे डोळ्यांना दिसते. सहाशे पट्ट्यांत दिसत नाही.

मराठी माणसाला या प्रकरणात विशेष रस वाटावा असे एक नाव येथे येते. मुंबईच्या आय.आय.टी.तून १९७८ साली पदवी घेतलेले नरेंद्र करमरकर कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात याच कार्प यांचे विद्यार्थी झाले. या गुरुशिष्यांनी १९८२ साली पेट्या भरण्याच्या प्रश्नावर अशी रीत दिली की, लागणाऱ्या पेट्यांची संख्या अगदी किमान नसली तरी किमान संख्येपेक्षा फारच थोडी अधिक येते आणि ती वाजवी वेळात मिळते. उत्तमाचा हट्ट सोडावयाचा, पण किती सोडला याचा लेखी दाखला द्यावयाचा, असा हा व्यवहार आहे. करमरकरांचा १९८३ चा प्रबंधही हट्टी प्रश्नांशी जमवून कसे घ्यावे याविषयीच आहे.

त्यांची खरी कीर्ती पुढच्या वर्षी झाली. तुटपुंजी साधने अनेक कामांत वाटण्याचे गणित ‘लिनियर प्रोग्रॅमिंग’ या नावाने ओळखले जाते. लेनिनग्राडमध्ये कांतोरोविच यांनी १९३९ साली प्लायवूडच्या कारखान्याच्या निमित्ताने त्याचा पाया घातला, आणि १९४७ साली डान्झिग यांनी ते सोडविण्याची ‘सिंप्लेक्स’ रीत दिली. सर्व शक्य योजना मिळून अनेक पैलूंचा एक हिरा बनतो असे मानले, तर डान्झिग यांची रीत त्याच्या कडांवरून एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर चालत जाते. बहुधा ती लवकर पोहोचते. परंतु मुद्दाम रचलेल्या काही हिऱ्यांवर ती जवळजवळ सगळे कोपरे हिंडते, हे १९७२ साली क्ली आणि मिंटी यांनी दाखविले. १९७९ साली रशियातील खाचियान यांनी हमखास वेळेत पोहोचणारी रीत शोधली, पण ती प्रत्यक्षात अतिशय मंद निघाली. बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या करमरकरांनी १९८४ साली हिऱ्याच्या पोटातून जाणारी वाट दाखविली. प्रत्येक पावलाला ते सारा आकार अशा खुबीने बदलून घेतात की, आपण पुन्हा मध्यभागी येतो आणि पुढचे पाऊल लांब टाकता येते. या रीतीस वेळेची हमीही होती आणि व्यवहारात वेगही. कंपनीने तिचे पेटंट घेतले, १९८८ साली ते मंजूर झाले, आणि गणिताच्या युक्तीवर कोणाची मालकी असावी काय, यावर बराच वाद झाला. तो वाद अनाठायी नव्हता. सिंप्लेक्स मात्र निवृत्त झाली नाही; आज दोन्ही जातींच्या रीती शेजारीशेजारी वापरल्या जातात.

अशा प्रबंधांचे मोल ठरविताना दोन कसोट्या लावाव्या लागतात आणि पुष्कळांचे एकीकडेच लक्ष असते. रीत बरोबर आहे याची सिद्धता ही गणिताची कसोटी. दुसरी कारखान्याची. खर्चाच्या तक्त्यातील आकडे कोठून आले? रात्रपाळीच्या माणसाचा शीण, जुन्या यंत्राचा लहरीपणा, घाटातल्या रस्त्याची पावसाळ्यातली अवस्था, यांना त्या तक्त्यात रकाना होता काय? नसेल, तर यंत्र चुकीच्या प्रश्नाचे उत्तर अचूक देते, आणि ते यंत्राने दिले म्हणून कोणी उलट विचारीत नाही. हैदराबादेत १९६७ साली स्थापन झालेल्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने टीडीसी-१२ हे देशी गणकयंत्र बाजारात आणले, तेव्हापासून यंत्राची उपलब्धता शतपटींनी वाढली. तक्ता भरण्याचे काम मात्र अद्याप माणसाकडेच आहे, आणि त्यासाठी संशोधकाला आगारात पहाटेच्या पहिल्या गाडीच्या वेळी जाऊन उभे राहावे लागते.